ठशांतून इतिहास : मुद्राचित्र, कोलाज आणि रायपूर

छत्तीसगढची राजधानी रायपूर येथील समता कॉलनी ही एक साधी निवासी वसाहत आहे. तिच्या शेजारच्या चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे आणि या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही आढळतात. या वसाहतीत प्राचीन मंदिर अथवा किल्ला नाही. तरीही येथील विद्यार्थ्याने ठरविल्यास शहराच्या हद्दीतच त्याला शिलालेख, ताम्रपट, एका हिंदी मासिकाची जन्मकथा, १८५७ च्या उठावाची स्मृती आणि बुजविलेल्या तलावाची जागा इतके साहित्य सापडू शकते. प्रश्न असा की, या साहित्याचे करावयाचे काय? परीक्षेपुरते पाठ करून विसरून जाणे हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग म्हणजे त्या इतिहासावर आपल्या हातांनी काम करणे. मुद्राचित्र आणि कोलाज ही दोन कलामाध्यमे या कामासाठी विशेष उपयुक्त आहेत. ती अल्पखर्चिक आहेत आणि दोन्हींचा पुरावा व स्मृती यांच्याशी निकटचा संबंध आहे. त्या संबंधाचे स्वरूप, त्याची पूर्वपीठिका आणि त्यातील जबाबदारी यांचा परिचय प्रस्तुत लेखात करून देण्यात येत आहे.

मुद्राचित्र म्हणजे काय?

एखाद्या पृष्ठभागावर प्रतिमा तयार करून, त्यावर शाई लावून ती कागदावर उतरविणे यास मुद्राचित्रण म्हणतात. चित्रकाराचे चित्र एकच असते. मुद्राचित्राच्या मात्र अनेक प्रती निघतात आणि त्यातील प्रत्येक प्रत मूळ कलाकृतीच मानली जाते. मुद्राचित्रणाच्या पद्धती ढोबळमानाने चार गटांत विभागल्या जातात.

पहिला गट उठाव पद्धतीचा. यात नको असलेला भाग कोरून काढतात व उरलेल्या उंच भागावर शाई लावतात. काष्ठठसा व लिनोकट हे याचे प्रकार होत. दुसरा गट खोद पद्धतीचा. यात तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर रेषा खोदतात अथवा आम्लाने कोरतात. शाई त्या खाचांत भरून वरचा पत्रा पुसून घेतात आणि दाबयंत्राखाली ओलसर कागद त्या खाचांतील शाई उचलून घेतो. तिसरा गट समतल पद्धतीचा. शिळाछाप हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण असून ही पद्धत जर्मनीतील आलोइस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधून काढली. तेल आणि पाणी परस्परांत मिसळत नाहीत, हे तिचे मूलतत्त्व. चुनखडीच्या शिळेवर तेलकट शाईने लिहून शिळा ओली केली असता छपाईची शाई फक्त लिहिलेल्या भागास चिकटते. चौथा गट जाळीछपाईचा. ताणलेल्या कापडाच्या जाळीतून मोकळ्या ठेवलेल्या भागातूनच शाई खाली उतरते.

येथे एक बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. उठाव व खोद पद्धतींत प्रतिमा कागदावर उलटी उमटते. म्हणून ठशावर अक्षरे उलटी कोरावी लागतात. शिलालेखाचा ठसा घेताना मात्र असे होत नाही. पुराभिलेखतज्ज्ञ ओला कागद शिलालेखावर पसरून ब्रशाने ठोकतात, त्यामुळे कागद अक्षरांच्या खाचांत बसतो. मग कागदाच्या वरच्या बाजूस शाई लावतात. शाई दगडाला लागत नाही, बाहेरून लागते. त्यामुळे काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे सुलटी उमटतात.

मराठी मुलखातील पूर्वपीठिका

भारतात मुद्रणयंत्र प्रथम आले ते गोव्यात, १५५६ साली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ हे मराठी काव्य १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. परंतु ते रोमन लिपीत होते. देवनागरी लिपीसाठी मराठी मुलखात वेगळी वाट शोधली गेली. पेशवाईच्या उत्तरार्धात पुण्यात इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्याबरोबर आलेल्या चित्रकारांमुळे पाश्चात्त्य चित्रणपद्धतीचा परिचय झाला आणि नाना फडणीस यांना छपाईविषयी कुतूहल वाटू लागले. पुढे मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ साली ताम्रपत्रांवर कोरलेली भगवद्‌गीता छापण्यात आली. भांडी घडविणाऱ्या कारागिराचे कौशल्य ग्रंथनिर्मितीच्या कामी आल्याचे हे महत्त्वाचे उदाहरण होय.

यानंतर शिळाछापाचे युग आले. गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग छापून प्रसिद्ध केले. शिळाछाप मराठीत लवकर रुजण्यामागे व्यावहारिक कारण होते. देवनागरीतील जोडाक्षरांसाठी शेकडो खिळे ओतावे लागत; शिळाछापात मात्र लेखनिकाच्या वळणदार हस्ताक्षराचीच छपाई होत असे. १८७८ साली पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा छापखाना सुरू केला. देवदेवतांबरोबर ऐतिहासिक पुरुषांची रंगीत चित्रेही तेथे छापली जात आणि ती घरोघरी भिंतींवर लावली जात. राजा रवि वर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला व पुढे तो लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविण्यात आला. इतिहासपुरुषांचे जे चेहरे आज आपल्या डोळ्यांसमोर येतात, त्यांपैकी कित्येकांना या छापील चित्रांनी आकार दिला आहे. एका चित्राच्या हजारो प्रती निघाल्या की ते चित्र लोकांच्या मनात पुराव्याचे स्थान घेते. हे मुद्राचित्राचे सामर्थ्य आहे आणि हाच त्यातील धोकाही आहे.

राष्ट्रीय चळवळीत या सामर्थ्याचा जाणीवपूर्वक वापर झाला. नंदलाल बोस यांनी १९३० च्या दांडीयात्रेनंतर काठी घेऊन चालणाऱ्या गांधीजींचे लिनोकट केले. मोजक्या पांढऱ्या रेषा आणि काळी पार्श्वभूमी एवढ्यावर ते उभे आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची रेखाचित्रे करणारे चित्तप्रसाद पुढे मुंबईत अंधेरी येथे राहिले व श्रमिकांच्या जीवनावर त्यांनी प्रभावी लिनोकट केले.

रायपूरचे साहित्य

रायपूरच्या महंत घासीदास स्मारक संग्रहालयाची स्थापना १८७५ साली राजनांदगावचे महंत घासीदास यांच्या देणगीतून झाली. त्याच्या आजच्या इमारतीचे उद्‌घाटन १९५३ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. येथे दक्षिण कोसलच्या राजवंशांचे शिलालेख, ताम्रपट तसेच सिरपूरच्या कांस्यमूर्ती जतन केलेल्या आहेत. शरभपुरीय राजांची सोन्याची नाणी पातळ पत्र्यावर एका बाजूने ठोकून उठाव आणलेली असत. ठशाचे तंत्र या भूमीला किती जुने आहे, याची ही साक्ष होय.

कलचुरी राजांच्या लेखांचे अधिकृत संपादन नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी केले व ते १९५५ साली प्रसिद्ध झाले. त्यातील खल्लारीचा पंधराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने फार बोलका आहे. तेथील नारायणाचे मंदिर देवपाल नावाच्या मोच्याने बांधविल्याची नोंद त्यात आहे. राजांच्या वंशावळींनी भरलेल्या लेखसंग्रहात एका चर्मकाराचे नाव कोरलेले राहिले, हे विद्यार्थ्यांनी आवर्जून लक्षात घ्यावे.

मराठी वाचकाला जवळचा वाटणारा, पण सावधपणे हाताळावयाचा भाग भोसल्यांच्या राजवटीचा आहे. १७४१ साली भास्करपंतांच्या स्वारीने रतनपूरचे कलचुरी राज्य भोसल्यांच्या वर्चस्वाखाली आले. १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसले यांनी रतनपुरातून कारभार पाहिला. मराठी भाषा व मोडी लिपी याच काळात येथील दप्तरात आली. त्यांच्यानंतर सुभेदारांमार्फत कारभार चालू लागला आणि महसूल नागपूरकडे जाऊ लागला. १८१८ नंतर इंग्रज अधीक्षकाने मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलविले. १८३० मध्ये सत्ता पुन्हा भोसल्यांकडे आली आणि १८५४ साली नागपूर राज्य खालसा होताच छत्तीसगढ थेट इंग्रजी अमलाखाली गेला. या शहरात राहणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने मोडी कागदाचा तुकडा कोलाजमध्ये वापरताना तो केवळ अभिमानाचे चिन्ह म्हणून वापरू नये. तोच कागद येथील शेतकऱ्याच्या दृष्टीने सारावसुलीचाही कागद होता.

याच शहराशी माधवराव सप्रे यांचे नाव निगडित आहे. मराठी घरात जन्मलेल्या सप्रे यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर त्यांचे सहसंपादक, तर वामन बळीराम लाखे प्रकाशक होते. प्रारंभीची छपाई रायपूरच्या कय्यूमी छापखान्यात व नंतरची नागपूरच्या देशसेवक छापखान्यात झाली. मासिक तीन वर्षेच चालले. परंतु हिंदी पत्रकारितेत त्याचे स्थान कायम आहे. पुढे सप्रे यांनी ‘दासबोध’ व लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. मराठी माणसाने परक्या मुलखात केवळ राज्यच केले नाही, तेथील भाषेची सेवाही केली, याचे हे उदाहरण. भोसल्यांचा कालखंड आणि सप्रे यांचे कार्य ही दोन्ही पाने एकत्र ठेवली तरच चित्र पूर्ण होते.

एका तिकिटाचा धडा

सोनाखानचे जमीनदार वीर नारायणसिंह यांची कथा छत्तीसगढच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. १८५६ च्या दुष्काळात त्यांनी साठेबाज व्यापाऱ्याचे धान्यकोठार उघडून धान्य भुकेल्या लोकांत वाटले. त्यांना अटक होऊन रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. ऑगस्ट १८५७ मध्ये ते तुरुंगातून निसटले, पुन्हा पकडले गेले आणि १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात त्यांना देहान्त शिक्षा देण्यात आली. शहरातील जयस्तंभ चौकाशी ही स्मृती जोडली जाते.

त्यांना फाशी देण्यात आली, असा उल्लेख सर्वसाधारणपणे केला जातो. मात्र १९८७ साली निघालेल्या टपाल तिकिटावर त्यांना तोफेच्या तोंडी बांधलेले दाखविण्यात आले. लोकस्मृतीतही तोफेचे चित्र दृढ आहे. तिकीट हेही छापील चित्रच. त्याच्या असंख्य प्रती घरोघरी जातात. नोंद एक सांगते आणि चित्र दुसरे दाखविते, अशा वेळी पुढील पिढीच्या मनात बहुधा चित्रच उरते. म्हणून या विषयावर लिनोकट करणाऱ्या विद्यार्थ्याने आधी निर्णय घ्यावयास हवा. जे निश्चित ठाऊक नाही ते कोरावयाचे, की जे निश्चित आहे त्यावर थांबावयाचे? उघडलेले कोठार, धान्याची पोती आणि रांगेत उभी माणसे एवढेच कोरले तरी त्या जीवनाचा अर्थ व्यक्त होतो. मृत्यूची रीत वादग्रस्त असली, तरी त्यामागील कारणाबाबत संदेह नाही.

दुसरा प्रसंग १८ जानेवारी १८५८ चा. रायपूरच्या तिसऱ्या पलटणीतील हनुमानसिंह याने सार्जंट मेजर सिडवेल याची हत्या करून बंडाचा प्रयत्न केला. हनुमानसिंह हाती लागला नाही. परंतु २२ जानेवारी रोजी त्याच्या सतरा सहकाऱ्यांना जाहीरपणे फाशी देण्यात आले. गाझी खान, अब्दुल हयात, शिवनारायण, पन्नालाल, मातादीन अशी त्यांची नावे आहेत. त्यांचे चेहरे मात्र आपणास ज्ञात नाहीत. काल्पनिक सतरा चेहरे रंगविण्याऐवजी एकाच ठशाच्या सतरा प्रती काढून प्रत्येक प्रतीखाली एकेक नाव लिहिता येईल. मुद्राचित्रात प्रतीखाली पेन्सिलीने क्रमांक घालण्याचा प्रघात आहे. ३/१७ म्हणजे सतरापैकी तिसरी प्रत. या प्रसंगी हा प्रघातच अर्थपूर्ण ठरतो.

प्रत्यक्ष प्रयोग

लिनोकटसाठी लिनोलियमचा तुकडा, कोरणी, लहान रूळ, छपाईची शाई व पातळ हातकागद एवढे साहित्य पुरेसे आहे. दाबयंत्र नसल्यास कागदाच्या पाठीवर चमच्याची पाठ अथवा वाटीचा तळ घासूनही छाप निघते. लिनो थोडा वेळ उन्हात ठेवल्यास मऊ पडतो व कोरणे सोपे जाते. कोरणी नेहमी दुसऱ्या हातापासून दूर जाईल अशीच चालवावी. आरेखन उलटे उतरवून घ्यावे, अन्यथा अक्षरे चुकतील. शाई पातळ थरात द्यावी. जाड शाईने बारीक खाचा बुजतात. पहिली प्रत ही केवळ चाचणी समजावी व तिच्यावरून दुरुस्त्या कराव्यात.

कोलाज म्हणजे कागद, कापड, छायाचित्रे इत्यादींचे तुकडे चिकटवून केलेली रचना. फ्रेंच भाषेत चिकटविणे या अर्थी जो शब्द आहे, त्यावरून हे नाव आले. ब्राक व पिकासो यांनी १९१२ च्या सुमारास त्यास आधुनिक चित्रकलेत स्थान दिले. भारतात बिनोदबिहारी मुखर्जी यांनी १९५७ मध्ये दृष्टी पूर्णपणे गेल्यानंतर रंगीत कागद कापून चित्रे रचली. आपल्या घरची गोधडी पाहिली तर हे तत्त्व परके वाटत नाही. जुन्या लुगड्याचा प्रत्येक तुकडा आपली आठवण राखतो आणि तरी एका नव्या वस्तूचा भाग होतो.

मुद्राचित्र व कोलाज यांचा संगम कोलाग्राफ या प्रकारात होतो. जाड पुठ्ठ्यावर सुतळी, गोणपाट, वाळलेली पाने, धानाचा कोंडा किंवा वाळूकागद चिकटवावा. त्यावर व्हार्निशचा हात देऊन पूर्ण वाळू द्यावे आणि मग शाई लावून छाप घ्यावी. गोणपाटाची वीण कागदावर स्पष्ट उमटते. ‘धानाचा कटोरा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छत्तीसगढात धान्यकोठाराचा विषय गोणपाटाने छापणे यापेक्षा समर्पक माध्यम शोधावे लागणार नाही. रजबंधा तलावाचा विषयही असाच आहे. हा तलाव बुजविला गेला आणि आज त्या परिसरात वृत्तपत्रांची कार्यालये असलेले प्रेस कॉम्प्लेक्स आहे. तलावाचा आकार वर्तमानपत्राच्या तुकड्यांनी भरून केलेले कोलाज नागरी जलाशयांच्या ऱ्हासाविषयी निबंधाइतकेच सांगून जाईल.

पथ्ये आणि कायदे

कोलाज करताना मूळ दस्तऐवज कधीही कापू नये. घरातील मोडी पत्रे, जुन्या पावत्या, छायाचित्रे व मासिकांचे अंक यांची प्रत काढून तीच वापरावी. मूळ कागद आम्लरहित वेष्टनात कोरड्या जागी ठेवावा आणि त्यावर कोणाचे, केव्हाचे, कोठून मिळाले याची चिठ्ठी ठेवावी. एकदा कापलेला कागद इतिहासाच्या दृष्टीने कायमचा नष्ट झालेला असतो.

संरक्षित वास्तूंवरील शिलालेखांचे ठसे घेणे हे संबंधित पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने, प्रशिक्षित व्यक्तींनी करावयाचे काम आहे. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८ यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकास हानी पोहोचविल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सरावासाठी नाणी, पाने, विणलेल्या टोपल्या यांवर कागद ठेवून पेन्सिल घासणे पुरेसे आहे. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार शिळाछाप, काष्ठठसा इत्यादींचा समावेश कलाकृतीत होतो व त्यांना सामान्यतः कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे संरक्षण मिळते. संविधानाच्या अनुच्छेद ४९ ने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांच्या रक्षणाची जबाबदारी राज्यावर सोपविली आहे, तर अनुच्छेद ५१ क (च) अन्वये आपल्या संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचे जतन करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे.

संस्थात्मक आधार

१९५४ साली स्थापन झालेल्या ललित कला अकादमीने आपल्या विविध केंद्रांतून मुद्राचित्रणाच्या कार्यशाळा उभारल्या आणि २०१८ साली पहिले मुद्राचित्र द्वैवार्षिक प्रदर्शन भरविले. नागपूर येथील दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या कार्यक्षेत्रात महाराष्ट्राबरोबर छत्तीसगढचाही समावेश होतो. खैरागढ येथील इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय १९५६ साली राजघराण्याने दिलेल्या वाड्यात सुरू झाले. तेथे दृश्यकलांत मुद्राचित्रणाचे शिक्षण दिले जाते. नवा रायपूर येथे १ नोव्हेंबर २०२५ रोजी वीर नारायणसिंह यांच्या नावाने आदिवासी स्वातंत्र्यसैनिकांच्या संग्रहालयाचे उद्‌घाटन झाले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये कलासमावेशक शिक्षणावर भर देण्यात आला आहे. इतिहासाचा तास आणि चित्रकलेचा तास एकत्र आणण्यास धोरणात्मक आधार यामुळे उपलब्ध झाला आहे.

समारोप

ठसा कोरताना हात सावकाश चालतो. एक नाव उलट्या अक्षरांत कोरावयाचे असेल तर ते नाव, ती तारीख, तो शब्द पुन्हा पुन्हा तपासावा लागतो; एकदा निघालेला लिनोचा तुकडा परत बसविता येत नाही. कोलाजमध्ये कोणता तुकडा मध्यभागी ठेवावयाचा आणि कोणता कडेला, हे ठरविताना कोणाचा इतिहास आपण मध्यभागी मानतो, हे उघड होते. राजाची वंशावळ की देवपाल मोच्याचे नाव, भोसल्यांची मोडी की सप्रे यांचे मासिक, तोफ की धान्याची पोती, हे प्रश्न परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतही येतात. परंतु तेथे ते तयार उत्तरांच्या आड राहतात. समता कॉलनीतील एखाद्या घराच्या ओट्यावर, शाईने भरलेल्या हातांनी त्यांना सामोरे जाणाऱ्या विद्यार्थ्यास पुरावा आणि समजूत यांतील अंतर कायमचे कळून येते. इतिहासाच्या अभ्यासाचे ते मोलाचे फलित होय.